रेल्वेच्या प्रतिकृती : छंद आणि दृष्टी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "छोटी रेल्वे." ते म्हणाले, "माथेरानची का?" मी म्हटले, "त्याहून लहान." "मग बागेतली, मुलांना बसवून फिरवतात ती?" "त्याहूनही लहान. जिचे इंजिन तळहातावर मावते ती." चिटणीस क्षणभर थांबले आणि मोठ्या सौजन्याने म्हणाले, "मग हे व्याख्यान मुलांच्या सुट्टीच्या कार्यक्रमात घेऊ या का?"

चिटणिसांचा ह्यात काही दोष नाही. शंभरातल्या नव्वद माणसांची समजूत अशीच असते. परंतु खेळण्यातली आगगाडी आणि रेल्वेची प्रतिकृती ह्या दोन वस्तू निराळ्या आहेत. खेळण्याकडून आपली अपेक्षा एवढीच की ते पळावे. प्रतिकृतीला मात्र आपण प्रश्न विचारतो : ही गाडी कुठून आली? कुठे चालली? साल कोणते, ऋतू कोणता, वेळ सकाळची की संध्याकाळची? ह्या प्रश्नांची उत्तरे ज्या फळीवर मिळतात, ती रेल्वेची प्रतिकृती. मिळत नाहीत, ते खेळणे. मग ते दहा रुपयांचे असो की दहा हजारांचे.

आरंभी थोडा इतिहास सांगतो. चावीच्या आगगाड्या एकोणिसाव्या शतकात युरोपात होत्याच. परंतु त्यांना एक पद्धत मिळाली ती जर्मनीत. गॉपिंगेन येथील मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या रुळांवर चावीने धावणारी आगगाडी मांडली, आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले : एक, दोन, तीन. त्यामुळे आज गाडी घ्यावी, पुढच्या वाढदिवसाला रूळ घ्यावेत, त्यापुढे सांधा घ्यावा, आणि ते सगळे एकमेकांस जुळावे, अशी सोय झाली. पुढे 'एक' क्रमांकाहून लहान माप काढण्याची वेळ आली, तेव्हा त्याला शून्य म्हणावे लागले. आणि शून्याचेही निम्मे झाले, तेव्हा त्याला 'एचओ', म्हणजे 'अर्धे शून्य', असे नाव पडले. इंग्लंडात मेकॅनोचे जनक, लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी, ह्यांच्या कारखान्यातून १९२० साली आगगाड्या बाहेर पडू लागल्या आणि १९३८ साली टेबलावर मावणारी 'हॉर्नबी डब्लो' आली. गाडी जमिनीवरून टेबलावर चढली, आणि मुलाच्या हातातून हळूच बापाच्या हातात गेली.

आता प्रमाणाचा हिशेब पाहू. तो रुक्ष वाटेल, पण ह्या छंदाचे सगळे मर्म त्यातच आहे. जगात सर्वाधिक प्रचार असलेले माप 'एचओ'. त्यात प्रत्येक वस्तू मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकी करतात. जगातील पुष्कळ देशांत रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात. हिशेब चोख आहे. परंतु इंग्लंडात एक गंमत झाली. तिथली खरी इंजिने युरोप-अमेरिकेतल्या इंजिनांहून अंगाने बारीक; आणि १९२०-३० च्या काळातल्या मोटारी मोठ्या. त्या ८७ व्या हिश्शाच्या इंजिनात मावेनात. तेव्हा कारखानदारांनी इंजिन वाढवून ७६ व्या हिश्शाचे केले, आणि रूळ मात्र होते तेच साडेसोळा मिलिमीटरचे ठेवले. परिणाम असा की इंग्लंडातली बहुसंख्य छोटी इंजिने आजही सुमारे सात इंच अरुंद रुळांवर धावत आहेत. समोरून पाहिले, की धिप्पाड माणसाने लहान मुलाचे बूट घातल्यासारखे दिसते. काही निष्ठावंतांना हे सहन होईना. त्यांनी रूळ अठरा मिलिमीटरवर नेले. १९६० च्या दशकात आणखी कडव्या मंडळींनी ते बरोबर १८.८३ मिलिमीटर केले, आणि चाकांच्या कडाही त्याच हिशेबाने पातळ केल्या. त्यासाठी त्यांना प्रत्येक चाक नि प्रत्येक सांधा हाताने करावा लागला. दोन मिलिमीटरसाठी माणसे आयुष्ये खर्च करतात, हे ऐकून आपल्याला हसू येईल. पण तंबोऱ्याची तार किंचित उतरली, तर गवयाला गाववत नाही, हे आपण समजून घेतोच ना? तसेच हे आहे.

परंतु श्रोतेहो, भागाकार हा सोपा भाग झाला. अवघड भाग पुढे आहे. कारण जगातल्या पुष्कळ वस्तू भागाकाराला दाद देत नाहीत.

पहिली वस्तू अंतर. पुणे-मुंबई लोहमार्ग १९२ किलोमीटरांचा. त्याला ७६ ने भागले तरी अडीच किलोमीटर उरतात. एवढा दिवाणखाना कोणाचा? चोवीस डब्यांची एक गाडीच जवळजवळ सात मीटर होते. खऱ्या रेल्वेची वळणे इतकी ऐसपैस असतात की त्यांच्या त्रिज्या शेकडो मीटरांत मोजतात. आणि बाजारात मिळणाऱ्या छोट्या रुळांच्या एका नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या जगात अवघे तेहतीस मीटर! खरी मेल त्या वळणावर गेली, तर थेट शेतातच उतरेल.

दुसरी वस्तू वजन. लांबी ७६ पट कमी केली, की रुंदी आणि उंचीही तितकीच कमी होते. म्हणून वजन ७६ गुणिले ७६ गुणिले ७६, म्हणजे चार लाखांहून अधिक पटींनी घटते. शंभर टनांचे इंजिन सव्वादोनशे ग्रॅमचे होते. खरे इंजिन रुळावरचा खडा चिरडून पुढे जाते. आमचे इंजिन धुळीच्या कणाला अडखळते. म्हणून आम्ही त्याच्या पोटात शिसे भरतो आणि आठवड्यातून एकदा रूळ पुसतो.

तिसरी वस्तू पाणी, वाफ आणि धूर. पाण्याचा थेंब लहान होत नाही, वाफेचा लोट लहान होत नाही. छोट्या नदीत खरे पाणी घातले, तर ती नदी दिसत नाही, ताटात सांडलेले पाणी दिसते. नदी रंगवावी लागते आणि तिच्यावर रोगणाचे थरावर थर द्यावे लागतात. म्हणजे पाणी खरे वाटावे, म्हणून खरे पाणी टाळावे लागते!

ह्यातून निष्पन्न काय होते? लहान करणे म्हणजे भागणे नव्हे, लहान करणे म्हणजे निवडणे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवणे. आणि निवडायचे, तर आधी पाहावे लागते. माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. बाकीचा विस्तार आहे.

ही निवड कशी करावी, ह्याचे तीन मार्ग इंग्लंडातल्या तीन गृहस्थांनी घालून दिले. हा छंद तिथे खोल रुजला, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेतो.

पहिले जॉन अहर्न. लंडनचे गृहस्थ, व्यवसाय विम्याचा. त्यांनी आपल्या घरात 'मॅडर व्हॅली' नावाची एक छोटी रेल्वे उभारली. त्यांच्यापूर्वी लोक आधी रूळ अंथरीत आणि उरलेल्या जागेत एखादे घर, एखादे झाड ठेवीत. अहर्न ह्यांनी क्रम उलटा केला : आधी खोरे, डोंगर, गाव, रस्ता, आणि त्यातून वाट काढीत जाणारी रेल्वे. हे खोरे कुठल्याही नकाशावर नाही. पण त्यातली कित्येक घरे निरनिराळ्या ठिकाणी प्रत्यक्ष पाहून, खऱ्यावरून केलेली आहेत. कादंबरीकार जसा दहा माणसे पाहून अकरावा माणूस निर्माण करतो, तसे हे गाव. अस्तित्वात नाही, पण खोटेही नाही. १९६१ साली अहर्न वारले. त्यांची रेल्वे आज ऑक्सफर्डजवळ लाँग विटनम येथील पेंडन संग्रहालयात जतन केलेली आहे.

ते पेंडन संग्रहालय ज्यांनी काढले, ते दुसरे गृहस्थ, रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, पण माणूस ऑस्ट्रेलियाचा. रेल्वेच्या ओढीने १९२५ साली हा तरुण इंग्लंडात आला आणि 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' ह्या खोऱ्यातल्या गवती छपरांच्या घरांवर त्याचे मन जडले. पण त्याच्या डोळ्यांदेखत ती घरे बदलू लागली. इथे गवत उतरून दुसरे छप्पर चढले, तिथे जुनी भिंत पाडली गेली. हा तरुण श्रीमंत नव्हता, अधिकारी नव्हता. त्याच्या हातात काहीच नव्हते. त्याने ठरवले, की घरे वाचवता येत नाहीत, तर ती निदान नोंदून ठेवू. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याने काम सुरू केले. घरापुढे जायचे, मालकाची परवानगी काढायची, टेपने मोजायचे, छायाचित्र घ्यायचे, रंगांची टिपणे करायची. आणि मग पुठ्ठ्यातून ७६ व्या हिश्शाचे घर करायचे. विटांच्या ओळी हाताने कोरायच्या, विटा जलरंगाने रंगवायच्या, आणि गवती छप्पर नळकाम करणाऱ्यांच्या तागाच्या धाग्यांनी शाकारायचे. एका घराला महिनेच्या महिने लागत. १९५४ साली संग्रहालयाची सुरुवात झाली. पुढे कित्येकांनी आपले हात त्या कामाला लावले, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले ते खोरे तिथे पिढ्यान् पिढ्या आकार घेत राहिले. खऱ्या खोऱ्यात जे पुसले गेले, ते त्या पुठ्ठ्याच्या खोऱ्यात उभे आहे.

तिसरे पीटर डेनी. हे पाद्री. त्यांची 'बकिंगहॅम' शाखा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत सुरू झाली. त्यांनी काळ धरला १९०७ चा, आणि त्यांचे लक्ष होते रेल्वेच्या कारभाराकडे. त्यांच्याकडे गाड्या लहर लागली म्हणून सुटत नसत, वेळापत्रकाप्रमाणे सुटत. शेजारच्या स्टेशनला घंटेचे संकेत द्यायचे, उत्तर आले, की सिग्नल पाडायचा, मगच गाडी. शेजारचे स्टेशन त्यांचा मुलगा क्रिस्पिन सांभाळी. तो हाताशी नसताना काम अडू नये, म्हणून डेनींनी घंटेला उत्तर देणारे एक यंत्रच तयार केले, आणि त्याला नाव दिले 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'! मुलगे मोठे होतात आणि बापाचे छंद मागे उरतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. डेनींनी तो यंत्रात बसवला.

अहर्न ह्यांनी कल्पनेतले सत्य निवडले, इंग्लंड ह्यांनी जागेचे, डेनींनी चालण्याचे. तिघांच्या वाटा निराळ्या, पण तिघेही पाहण्यापासून सुरुवात करतात.

आपल्याकडेही हे वेड अगदी अनोळखी नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी ह्यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली लोकांना खुले झाले. ते ज्यांनी पाहिले नसेल, त्यांनी मुलांना घेऊन जावे. मुलांचे निमित्त करून स्वतः पाहावे.

आता कोणी विचारील, "हे सगळे करायला वाडा पाहिजे आणि पैसा पाहिजे." दोन्ही थोडे लागतात, हे खरे. पण किती थोडे, ते सांगतो. अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज गृहस्थांनी 'इंगलनूक' ह्या नावाची एक मांडणी लोकप्रिय केली. चार-साडेचार फूट लांब आणि एक फूट रुंद फळी. दोन सांधे, तीन सायडिंगे. एका सायडिंगात पाच वाघिणी मावाव्यात, बाकीच्या दोहोंत तीन-तीन. आणि पुढच्या तोंडाशी इंजिन व तीन वाघिणी राहतील एवढाच रूळ. वाघिणी एकूण आठ. आठ चिठ्ठ्या टाकायच्या, त्यांतल्या पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या आल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची मालगाडी जोडायची. हात लावायचा नाही. सारे इंजिनाने करायचे. गणित केले, तर आठातून पाच क्रमाने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात. रोज एक मालगाडी लावली, तरी अठरा वर्षे पुरेल! आणि हे सगळे पुस्तकांच्या फडताळावर मावते.

फळी प्लायवुडची घ्यावी. पण रूळ ठोकण्यापूर्वी तिला दोन्ही अंगांनी रंग द्यावा. हे मी अनुभवाने सांगतो. माझी पहिली फळी मी उत्साहाच्या भरात तशीच वापरली. आषाढात तिने ओल धरली, आणि श्रावणात तिचा पापड झाला. रुळांच्या जोडांत उन्हाळ्यासाठी बारीक फट ठेवावी, हेही आम्ही खऱ्या रेल्वेकडूनच शिकलो.

विजेचे तत्त्व सोपे आहे. एका रुळातून बारा व्होल्टपर्यंतची एकदिश वीज जाते आणि दुसऱ्यातून परत येते; वाटेत इंजिनाची मोटार असते. दोन्ही बाजूंच्या चाकांमध्ये विजेचा संबंध येऊ द्यायचा नाही, एवढे पथ्य. दाब वाढवला की वेग वाढतो. तारा उलट केल्या की गाडी उलट चालते. नवशिक्याला चकवा बसतो तो एकाच ठिकाणी. गाडी फिरून त्याच रुळावर उलट तोंडाने परत यावी, म्हणून तो फासासारखे वळण घालतो. त्या वळणावर डावा रूळ फिरून येऊन उजव्यालाच मिळतो, आणि शॉर्ट सर्किट होते. कागदावर दोन रूळ दोन रंगांनी काढून पाहिले, म्हणजे क्षणात उमगते. पूर्वी दोन इंजिने स्वतंत्र चालवायची, तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण द्यावे लागे. १९९० च्या दशकात अंकीय नियंत्रणाची प्रमाणित पद्धत आली. तिच्यात प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चकती असते आणि ती फक्त आपल्या क्रमांकाची आज्ञा पाळते.

फळी झाली, रूळ झाले, गाडी चालली. इथे पुष्कळजण थांबतात. खरा आनंद इथून पुढे आहे, आणि तो तपशिलाचा.

तपशील म्हणजे नुसती गर्दी नव्हे. एक हिशेब ध्यानात ठेवावा : ८७ व्या हिश्शाचे स्टेशन एका फुटावरून पाहणे, म्हणजे खरे स्टेशन ८७ फुटांवरून पाहणे. आपल्या स्टेशनसमोर ८७ फुटांवर उभे राहा आणि काय दिसते ते पाहा. दगडांच्या सांध्यांतला चुना दिसत नाही. पण भिंतीच्या पायथ्याशी ओलीचा काळसर पट्टा दिसतो. पाटीवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत. पण पाटी किंचित कललेली आहे, हे दिसते. तपशील तोच द्यावा, जो तेवढ्या अंतरावरून डोळ्यांना मिळतो. रंगांचेही असेच. अंतरावरचा रंग फिका पडतो. म्हणून डबीतला रंग जसाच्या तसा कधी लावू नये, त्यात थोडा पांढरा किंवा राखी मिसळावा. काळा तर वापरूच नये म्हणा ना! आपण ज्याला काळे इंजिन म्हणतो ते नीट पाहिले, तर कुठे राखी, कुठे तपकिरी, कुठे तेलकट निळसर असते.

रुळांची बाजू गंजाची तपकिरी आणि माथा मात्र लखलखीत. ज्या सायडिंगात महिन्यातून एखादी वाघीण जाते, तिथला माथाही मळका. एवढ्या एका फरकाने पाहणाऱ्याला कोणता रूळ वापरातला हे न सांगता कळते. डब्यांच्या खालच्या अंगाला ब्रेकची लोखंडी धूळ बसते, म्हणून तिथे गंजाचा हात द्यावा, छपरावर काजळी, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून पावसाचे ओघळ. रंग पातळ करून लावावा आणि लगेच फडक्याने वरून खाली पुसावा. खाचांत राहील तेवढा राहू द्यावा. पाऊस हेच करीत असतो.

खडीचा दोन इंची दगड ८७ व्या हिश्शाने बारीक रव्याएवढा होतो. हा शोध लागला, तेव्हा मी स्वयंपाकघरातला रवाच रंगवून रुळांत पसरला. चौथ्या दिवशी त्या स्टेशनावर मुंग्यांची यात्रा भरली. तेव्हापासून मी वाळू चाळून घेतो. ती कोरडीच पसरावी, कुंचल्याने स्लीपरांमधून नीट बसवावी, आणि पांढरा गोंद पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, नळीने थेंब थेंब सोडावा. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि गोंद खाली झिरपतो. साबण नसेल, तर थेंब खडीसकट गोळा होऊन बसतो. झाडांना तारेचा पीळ, नारळाचा काथ्या आणि रंगवलेला भुसा पुरतो. विकतची झाडे सगळी एकाच जातीची असतात. कडुनिंब करायचा, तर कडुनिंबाखाली जाऊन बसावे लागते.

आणि एक नियम मला वर्षांनी सापडला. तपशील माणसाच्या पावलांमागून जातो. फाटकातून तिकिटाच्या खिडकीकडे जाणारी पायवाट. खिडकीखाली कोपरांनी गुळगुळीत झालेला दगड. बाकाच्या मधोमध उडालेला रंग. वाळूच्या लाल बादल्या, ज्यांत विड्यांची थोटके असतात. टांगलेला रुळाचा तुकडा, ज्याच्यावर टोल देऊन गाडीची वर्दी देत. ह्या खुणा केल्या, की फलाटावर एकही माणूस नसला, तरी माणसे आत्ताच इथून गेली, असे वाटते.

आता शेवटी माझ्या स्वतःच्या स्टेशनाची गोष्ट सांगून थांबतो.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही आजोळी जात असू, ते कुर्डुवाडीस गाडी बदलून, बार्शी लाइट रेल्वेने. आपल्यापैकी ज्येष्ठांना ती आठवत असेल. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप ह्या इंजिनिअराने उभारलेली ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची रेल्वे. पहिला भाग १८९७ साली सुरू झाला. पंढरीच्या वारकऱ्यांची किती ओझी तिने वाहिली, त्याला गणती नाही. ह्याच कॅल्थ्रॉप ह्यांनी बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये 'लीक अँड मॅनिफोल्ड' नावाची तशीच एक रेल्वे बांधली. ती १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. उणीपुरी तीस वर्षे जगलेली ती चिमुकली रेल्वे. पण तिच्या प्रतिकृती तिकडच्या छंदिष्टांनी मोठ्या मायेने केल्या आहेत. आपली बार्शी लाइन तिच्याहून कितीतरी लांब आणि कितीतरी दीर्घायुषी. तिची एखादी प्रतिकृती आपल्या किती घरांत असेल?

निवृत्त झाल्यावर मी ठरवले, की आपल्या आजोळचे स्टेशन करायचे. हिशेब फार अनुकूल होता. ७६२ ला ८७ ने भागले, तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक! इमारत आठवणीने काढायला बसलो. कौलारू छप्पर, पुढे ओसरी, शेजारी कडुनिंब आणि पाण्याची टाकी. ओसरीला खांब किती? मी म्हटले सहा. थोरले बंधू म्हणाले चार. दोघांनीही त्या खांबांभोवती शिवाशिवी खेळलेली. वाद मिटवावा, म्हणून टेप आणि वही घेऊन गेलो. मला उशीर झाला होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दहा-बारा वर्षांत त्या मार्गाचे ब्रॉडगेजीकरण झाले. नवे स्टेशन नव्या जागी. जुन्या ठिकाणी जोत्याचे चार दगड आणि कडुनिंब. रेल्वे मोठी झाली, गावाची सोय झाली, ह्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. दोष माझा. वीस वर्षे मी "पुढच्या सुट्टीत मोजू" म्हणत होतो.

पुढे मामेबहिणीच्या ट्रंकेत एक छायाचित्र सापडले. मामांना स्टेशनवर पोचवायला सगळे घर गेले होते, तेव्हाचे. मामा दाराच्या चौकटीला लागून उभे. मामांची उंची साडेपाच फूट, म्हणजे नेमकी आपल्या ब्रॉडगेजच्या रुंदीइतकी! छायाचित्रात मामा ४४ मिलिमीटरचे आणि दार ५२ मिलिमीटरचे. त्रैराशिक मांडले : दार साडेसहा फुटांचे, माझ्या प्रमाणात पावणेतेवीस मिलिमीटरचे. दारावरून भिंत, भिंतीवरून ओसरी, असे एकेक माप काढीत गेलो. खांब निघाले पाच! आम्ही दोघेही चुकलो होतो. मामा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. पण त्यांनी दाराशेजारी उभे राहून स्टेशन मोजून दिले.

आज ते स्टेशन माझ्या खोलीत आहे. पाहायला येणारे त्याच्याभोवती फिरू पाहतात. पण ती फळी मी भिंतीला टेकवून ठेवली आहे. कारण स्टेशनाची मागची बाजू कोणत्याच छायाचित्रात नाही, आणि आता ती कोणाला आठवतही नाही. तिथे खिडकी होती की नव्हती, ते मी ठरवू शकत नाही; आणि जे ठाऊक नाही, ते रचून बसवायला हात धजत नाही. म्हणून त्या बाजूला मी काहीच केलेले नाही. कोरा पुठ्ठा आहे.

श्रोतेहो, तुम्हा सर्वांनी छोट्या रेल्वे कराव्यात, असा माझा आग्रह नाही. माझी विनंती लहान आहे. ह्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा एक टेप आणि एक वही बरोबर न्या. स्टेशन असेल, तर स्टेशनमास्तरांना विचारून. घर असेल, तर घरधन्याला विचारून. नाही तर नदीचा घाट, पार, चावडी, काहीही. एक वस्तू मोजा. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. छायाचित्र घ्या, पण त्यात एक फूटपट्टी किंवा एक माणूस उभा करायला विसरू नका. आणि एक चक्कर मारून मागच्या बाजूचेही घ्या.